वास फुलाचा, कष्ट भुंगेऱ्याचे, श्रेय वाऱ्याला

फूल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मधमाशी येते, नाहीतर फुलपाखरू. मुलांच्या पुस्तकातले चित्रही त्यांचेच. भुंगेऱ्याचे नाव निघाले की मात्र शेतकरी कपाळाला हात लावतो. उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीचा भुंगेरा, नारळाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा, डब्यातल्या तांदळाला लागलेले सोंडे, हीच काय ती या मंडळींची आपल्याला ओळख. "नुकसान करणारे" असा शिक्का एकदा बसला तो बसलाच. मग त्यांच्यातला कोण काय काम करतो हे कोणी पाहायला जात नाही.

वाचकहो, आज आम्ही या शिक्क्याच्या पलीकडची गोष्ट सांगणार आहोत. उष्ण प्रदेशातली पुष्कळ झाडे अशी आहेत की भुंगेरा आला नाही तर त्यांना फळच धरत नाही. भुंगेऱ्याला बोलावण्यासाठी ती वासाची दवंडी पिटतात. ही दवंडी माणसाला ऐकू आली नाही, म्हणून माणसाने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ केवढी चूक केली आणि त्यापायी मजुरांना काय काम करावे लागले, तेही पुढे सांगू.

भुंगेरा हा कीटकांतला मोठा समाज. शास्त्रज्ञांनी आजवर त्याच्या साडेतीन लाखांहून अधिक जाती नोंदवल्या आहेत. फुलांशी त्याचा संबंध फार जुना. म्यानमारमध्ये सापडलेल्या राळेच्या एका खड्यात अडकून राहिलेल्या भुंगेऱ्याचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. खडा सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचा, आणि भुंगेऱ्याच्या अंगावर फुलाचे परागकण जसेच्या तसे. म्हणजे माणूस नावाचा प्राणी पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून भुंगेरा फुलाच्या कामावर हजर आहे.

आता हे काम म्हणजे काय? फुलातल्या पुंकेसरावरची पिवळी भुकटी म्हणजे पराग. तो स्त्रीकेसरावर पोहोचला तरच बी तयार होते आणि फळ धरते. झाडाला पाय नाहीत, म्हणून ही ने-आण दुसऱ्याने करावी लागते. मधमाशी उजेडात, रंग बघून येते. भुंगेऱ्यांपैकी बरेचजण संध्याकाळी नाहीतर रात्री बाहेर पडतात. अंधारात रंगाचा काय उपयोग? म्हणून त्यांची भिस्त वासावर. त्यांचे नाक म्हणजे डोक्यावरच्या दोन मिशा. हवेत तरंगत आलेले वासाचे बारीक कण त्या मिशांना लागले की भुंगेरा वाऱ्याचा माग काढत फुलापर्यंत येतो.

आणि वास तरी कसले! गुलाब-मोगऱ्यासारखे नाजूक असतीलच असे नाही. पिकून उतरलेल्या फळाचा, आंबलेल्या रसाचा, मसाल्याचा, तर काही फुलांचा चक्क कुजलेल्या मांसाचा. ज्या भुंगेऱ्याला जे आवडते ते वासाने दाखवायचे, हा झाडाचा हिशोब. फुलाची बांधणीही त्याला साजेशी. भुंगेऱ्याचे जबडे मजबूत, तो कुरतडणारच. म्हणून अशा फुलांच्या पाकळ्या बहुधा जाड आणि मांसल असतात. थोडे खाल्ले तरी फुलाचे काम अडत नाही.

आपल्या ओळखीचे उदाहरण सीताफळाचे. बीडच्या बालाघाट डोंगरात, पुरंदर-सासवडच्या माळावर ही झाडे डोलतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. टोपल्या डोक्यावर घेऊन सीताफळे विकणाऱ्या आपल्या बाया-माणसांचे दोन महिन्यांचे पोट त्यावर चालते. पण सीताफळाचे फूल किती जणांनी नीट पाहिले आहे? ते खाली मान घालून लटकते, हिरवट पिवळे, तीन जाड पाकळ्यांचे. दुरून ते फूल आहे असे वाटतही नाही. रंगाचा थाट नाही, मधाची मेजवानी नाही. आहे तो पिकल्या फळासारखा वास. त्या वासावर बारीकसे भुंगेरे येतात, पाकळ्यांच्या फटीतून आत शिरतात आणि आडोसा पाहून बसून राहतात.

गंमत अशी की सीताफळाच्या एकाच फुलात स्त्रीभाग आणि पुरुषभाग दोन्ही असतात, पण दोघांची वेळ जुळत नाही. आधी स्त्रीभाग तयार होतो, पराग सुटतो तो नंतर. तोवर त्याच फुलाच्या स्त्रीभागाची वेळ टळलेली असते. म्हणून एका फुलातला पराग अंगाला माखून दुसऱ्या, ताज्या फुलात जाणारा कोणीतरी हवाच. तो हा बारीक भुंगेरा. तो पुरेसा आला नाही तर झाडावर फुले शेकड्यांनी येतात आणि गळून जातात.

भगिनींनो, पुढच्या वेळी सीताफळ विकत घ्याल तेव्हा त्याचा आकार पाहा. सीताफळ हे एक फळ नव्हे, एकाच फुलातल्या पुष्कळ छोट्या फळांची ती मोळी आहे. वरचा एकेक डोळा म्हणजे एकेक छोटे फळ. ज्या स्त्रीकेसराला पराग मिळाला तो भाग फुगतो, ज्याला मिळाला नाही तो बसका राहतो. फळ एका अंगाला वाकडे दिसले तर पुष्कळदा त्याचे कारण हेच की त्या बाजूला पराग पोहोचला नाही. शेतकरी म्हणतो, फळ वेडेवाकडे निघाले. खरे म्हणजे कामगार कमी पडले! म्हणूनच या कुळातल्या फळांची लागवड करणाऱ्या तैवान, स्पेन अशा देशांत माणसे ब्रश घेऊन एकेका फुलाला हाताने पराग लावतात.

ज्या हिरव्या चाफ्याचे फूल आपल्या मुली हौसेने केसांत माळतात, तो सीताफळाच्याच कुळातला. हिरव्या पानांत हिरवे फूल डोळ्यांना सापडत नाही, पण नाकाला सापडते. पिकल्या फळासारखा तो घमघमाट आपल्यासाठी नसतो. या कुळाची भुंगेऱ्यांना बोलावण्याची रीतच ती. आपण मधल्या मध्ये वास घेतो इतकेच.

सुरणाची तऱ्हा याच्या उलट. सुरणाचा कांदा काढला नाही आणि तो जमिनीत मोठा झाला, तर एखाद्या वर्षी पावसाच्या तोंडाला जमिनीतून जांभळट रंगाचे मोठे, विचित्र फूल वर येते. त्याला मेलेल्या जनावरासारखी घाण येते. खेडोपाडी लोक घाबरतात. कोणी म्हणते भुताटकी, कोणी म्हणते कोप झाला. कसला कोप आणि कसले भूत! कुजक्या वासावर जमणाऱ्या भुंगेऱ्यांना आणि माश्यांना सुरणाने घातलेली ती साद आहे. कारण समजले की भीती जाते, आणि नारळ फोडायला कोणी पैसे मागितले तर तेही वाचतात.

वासाबरोबर काही झाडे ऊबही देतात. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या संथ पाण्यात एक अजस्र कमळ होते. त्याचे पान दोन मीटरपेक्षाही रुंद, काठ परातीसारखे उभे. आपल्या देशात हावड्याजवळच्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानातही ते लावलेले आहे. या कमळावर प्रान्स आणि आरियास या दोन शास्त्रज्ञांनी ब्राझीलमधल्या मनाउस भागात काम केले आणि १९७५ साली ते प्रसिद्ध केले. त्यातून जे कळले ते एखाद्या कथेसारखे आहे.

पहिल्या संध्याकाळी फूल उमलते ते पांढरेशुभ्र. त्याला फळासारखा गोड वास सुटतो आणि ते आतून तापते. बाहेरच्या हवेपेक्षा जवळजवळ १० अंशांनी! साठवलेला पिष्टमय पदार्थ जाळून फूल ही ऊब तयार करते. ऊब कशाला? घरातले उदाहरण घ्या. कढईतले तेल गार असताना जिरे-मोहरी टाकली तर वास येत नाही. तेल तापू द्या, मग फोडणीचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तसेच हे. ऊब मिळाली की वास जोराने पसरतो.

त्या वासावर भुंगेरे धावून येतात आणि फुलात शिरतात. खायला आत पिष्टमय भाग तयारच असतो. हळूहळू फूल मिटते आणि पाहुणे आत अडकतात. दुसरा दिवस त्यांचा आतच जातो. तोवर फुलाचा रंग गुलाबी होऊ लागतो आणि पराग सुटतो. दुसऱ्या संध्याकाळी फूल पुन्हा उघडते, पण आता वास नाही, ऊब नाही. भुंगेरे अंगभर पराग माखून बाहेर पडतात आणि वासाच्या मागावर दुसऱ्या पांढऱ्या फुलाकडे जातात. इकडे काम झालेले फूल मिटते आणि पाण्याखाली जाते. पांढऱ्या फुलाला पाहुणा हवा असतो, गुलाबी फुलाला तो जायला हवा असतो. वास चालू आणि वास बंद, एवढ्या दोन खुणांवर सगळा कारभार चालतो.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय हाती घेतला त्याकडे वळू. ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातल्या पामतेलाची आहे. रेशनच्या रांगेत डबा घेऊन पामतेलासाठी उभे राहिलेल्या माउल्या आपल्या घराघरांत आहेत. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत "आनंदाचा शिधा" दिला, त्यातही रवा, साखर, चणाडाळीबरोबर एक लिटर पामतेल होते. हे तेल बहुतेक येते ते इंडोनेशिया आणि मलेशियातून. पण तेलताडाचे हे झाड मूळचे तिथले नव्हे. ते पश्चिम आफ्रिकेचे.

१८४८ साली जावा बेटावरच्या बोगोर येथील वनस्पती उद्यानात तेलताडाची चार रोपे लावली गेली. त्यांच्या संततीतून आग्नेय आशियातले मळे उभे राहिले. मलेशियात पहिला व्यापारी मळा १९१७ साली सेलांगोर भागात सुरू झाला. झाडे जोमाने वाढली, पण घड पोसेनात. घडातली पुष्कळ फळे धरतच नसत. असे का, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. कारण तेलताडाचा पराग वारा नेतो असेच जाणकार सांगत आले होते. वारा तर मलेशियातही वाहतच होता!

मग उपाय काय? माणसे लावली. तेलताडाचे नर फुलोरे वेगळे आणि मादी फुलोरे वेगळे असतात. मजुरांनी झाडाझाडाखाली जाऊन मादी फुलोरा उमलला का ते पाहायचे आणि टाल्क पावडरीत मिसळलेला पराग त्यावर फुंकायचा. फुलोरा दोन-तीन दिवसच पराग घेण्याजोगा असतो, म्हणून थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा तीच फेरी. पानांच्या देठांना काटे, बुंध्याशी दमट उकाडा. ब्रिटिशांच्या काळात तामिळ मुलखातून नेलेल्या मजुरांची मुलेनातवंडे या देशातल्या मळ्यांवर पिढ्यान्पिढ्या राबत आली. जे काम आफ्रिकेत एक बारीक किडा फुकट करत होता, ते इथे माणसांकडून रोजंदारीवर करून घेतले जात होते. आणि पुस्तकात मात्र श्रेय वाऱ्याचे!

शंका काढली ती लेस्ली डेव्हिडसन या मळ्यांच्या अधिकाऱ्याने. त्याने मलेशिया आणि आफ्रिकेतला कॅमेरून, दोन्हीकडचे मळे पाहिले होते. कॅमेरूनमध्ये हाताने पराग न लावताही घड भरगच्च येत, आणि तिथल्या फुलोऱ्यांवर बारीक भुंगेऱ्यांची झुंबड असे. युनिलिव्हर कंपनीच्या मळ्यांचा कारभार त्याच्याकडे आल्यावर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात याचा शोध घ्यायचे काम राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञ डॉ. रहमान सय्यद यांच्याकडे देण्यात आले.

डॉ. सय्यद कॅमेरूनमध्ये गेले आणि झाडाखाली बसून पाहू लागले. अशी गोष्ट तपासायची रीत अवघड नसते. कीटकांना फुलोऱ्यापासून दूर ठेवले तर फळ धरते का? कीटक येऊ दिले तर किती धरते? असे एकेक करून पाहायचे. कोणी मोठ्याने लिहून ठेवले म्हणून मानायचे नाही आणि पिढ्यान्पिढ्या सांगत आले म्हणूनही मानायचे नाही. शेवटी जे दिसले ते स्पष्ट होते. खरा कामगार वारा नव्हे, तर सोंड असलेला, तिळाएवढा, काळपट तपकिरी भुंगेरा. आपल्या तांदळातल्या सोंड्याचा तो लांबचा भाऊबंद.

आणि त्याला बोलावतो कोण? वास. तेलताडाचा नर फुलोरा उमलला की बडीशेपेसारखा उग्र गोड वास सुटतो. ज्या द्रव्याचा तो वास, तेच द्रव्य बडीशेपेत आणि तुळशीच्या काही जातींतही असते. नुसते ते द्रव्य मळ्यात ठेवले तरी हे सोंडे त्याच्याकडे येतात. नर फुलोरा त्यांचे घर, स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची खोली, सारे काही. तिथेच खातात, तिथेच अंडी घालतात, सुकलेल्या फुलांत त्यांच्या अळ्या वाढतात. मादी फुलोऱ्यात त्यांच्यासाठी यांतले काहीच नसते. पण तीही उमलली की तोच बडीशेपेचा वास सोडते. अंगाला पराग लागलेले सोंडे फसून तिच्याकडे येतात, शोधाशोध करतात, हाती काही लागत नाही म्हणून निघून जातात. तेवढ्यात पराग मात्र पोहोचलेला असतो.

म्हणजे १८४८ साली बोटीतून झाड आले, पण त्याचा कामगार आफ्रिकेतच राहिला. आग्नेय आशियातले ताड सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वासाची हाक घालत होते आणि ज्याच्या नावाने हाक होती तो त्या मुलखात नव्हताच!

सोंड्यांना मलेशियात आणण्यापूर्वी ते दुसऱ्या पिकांना त्रास देतील का, याच्या चाचण्या झाल्या. हे महत्त्वाचे आहे, कारण परका किडा बेफिकिरीने सोडला तर देशाचे नुकसान होऊ शकते. हा सोंडा तेलताडाच्या नर फुलांवाचून वाढत नाही अशी खात्री पटल्यावर १९८१ साली तो मलेशियात सोडण्यात आला. थोड्याच काळात तो मळ्यामळ्यांत पसरला. घड भरगच्च येऊ लागले. हाताने पराग फुंकण्याचे काम थांबले. १९८५ साली हाच सोंडा केरळातल्या तेलताडाच्या मळ्यांतही आणला गेला.

या गोष्टीत फायदा कोणाचा झाला, हेही पाहिले पाहिजे. मळ्यांचे उत्पन्न वाढले आणि मजुरीचा खर्च वाचला. ज्यांच्या हाताने इतकी वर्षे घड पोसले त्यांची ती रोजंदारी संपली. पुढे तेलताडासाठी आग्नेय आशियातली मोठमोठी जंगले तुटली, तो दोष सोंड्याचा नव्हे, हाव धरणाऱ्या माणसाचा. आणि काम सोंड्याने हाती घेतले म्हणजे कायमची काळजी मिटली असेही नाही. अलीकडच्या वर्षांत मलेशियातल्या काही भागांत फळधारणा पुन्हा कमी होत असल्याच्या नोंदी आहेत, आणि तिथले शास्त्रज्ञ सोंड्यांची संख्या, पाऊस आणि नर फुलोऱ्यांचे प्रमाण यांचा अभ्यास करत आहेत. कामगाराकडे दुर्लक्ष केले की काम बिघडते, मग तो कामगार सहा पायांचा का असेना.

वाचकहो, या सगळ्यातून आम्हाला एकच सांगायचे आहे. फळ कोणाच्या कष्टाने आले हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठरवू नका. जो मोठा आवाज करतो तो वारा, आणि जो गुपचूप राबतो तो भुंगेरा. श्रेय वाऱ्याला देणे सोपे असते, कारण त्यासाठी झाडाखाली जाऊन बसावे लागत नाही.

ज्यांच्या दारात किंवा बांधावर सीताफळाचे झाड आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, झाड फुलावर असताना उगाच कीटकनाशक फवारू नये. किडीबरोबर फळ धरवणारेही मरतात आणि मग गळ का झाली हे कळत नाही. दुसरी गोष्ट मुलांसाठी. पावसाच्या सुरुवातीला झाड फुलले की एक उघडलेले फूल हलकेच पांढऱ्या कागदावर झटका. त्यातून बाजरीच्या दाण्याएवढे, कधी त्याहून लहान भुंगेरे पडतील. त्यांना मारू नका. भिंग असेल तर भिंगातून पाहा, अंगावर पिवळी भुकटी दिसते का ते बघा आणि परत झाडावर सोडून द्या. मग दिवाळीच्या आगेमागे फळे तयार झाली की गोल किती आणि वाकडी किती ते मोजून वहीत लिहा. शाळेत असे वर्षातून एकदा तरी करायला मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तरी बांधावरचे झाड कोणाकडे फी मागत नाही.